रस्ता सपाट, घाट पोटात!

वीकएण्डला माळशेज किंवा कसाऱ्याकडे निघायचंय, नाहीतर मुलांना आजोळी न्यायचंय, पण मागच्या सीटवरच्या छोट्या मेंबरला गाडी लागते? प्लॅन कॅन्सल करू नका. दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत, आणि बऱ्याच सोप्या गोष्टी करायच्या आहेत!

पावसाळा सुरू झाला की आमच्या ऑफिसातल्या सोमवारच्या गप्पा ठरलेल्या असतात. कोण माळशेजच्या धबधब्याखाली भिजलं, कोण माहुलीच्या पायथ्याशी जाऊन आलं, कोणी कसाऱ्याला गरमागरम भजी हाणली. पण तीन ते दहा वर्षांची मुलं असलेल्यांचा एक कोपरा वेगळा असतो. तिथे चर्चा अशी : ''सरळगावपर्यंत ठीक होतं गं, पुढे दोनदा झाली.'' काय झाली, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना कळतं.

आमचाही नंबर याच कोपऱ्यात. माझं माहेर मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. सासर शहापूरचं. आम्ही राहतो ठाण्यात. म्हणजे महिन्यातले दोन रविवार तरी गाडीत जायचे. लेक साडेचार वर्षांची. गंमत म्हणजे तिच्या दोन्ही घरांच्या वाटेवर खरा घाट नाही. माळशेज टोकावड्याच्या पुढे आणि कसारा शहापूरच्या पुढे. तरीही रायत्याचा पूल ओलांडेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडायला लागतो. रस्ता सपाट आणि घाट पोटात!

तुमच्याही घरी हीच स्टोरी असेल, तर एक धोका लगेच ओळखा. दोन-तीनदा सीट धुवावी लागली की आपण नकळत जाणंच कमी करतो. ''राहू दे, त्रास होतो तिला. पुढच्या महिन्यात बघू.'' मग आजी-आजोबा व्हिडिओ कॉलपुरते उरतात. उलटी अर्ध्या तासात विसरली जाते हो, पण तुटलेलं येणं-जाणं परत जोडायला वेळ लागतो. म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेऊ.

नखरे नाहीत, कानाचं भांडण आहे

मराठीत शब्द काय मस्त आहे बघा : गाडी 'लागते'. ऊन लागतं, दृष्ट लागते, तशी गाडी लागते. म्हणजे दोष गाडीचा, पोराचा नाही. शास्त्रही साधारण तेच सांगतं.

आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी एक चिमुकली यंत्रणा असते. तिच्यातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांना डोकं कुठे वळलं ते कळतं. शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांत कॅल्शियमचे बारीक कण असतात. गाडीने वेग घेतला, ब्रेक लागला, खड्ड्यात आदळली की त्यांना कळतं. आता चार वर्षांच्या मुलाच्या जागी बसून पाहा. त्याचं डोकं खिडकीच्या खाली. समोर दिसते फक्त पुढच्या सीटची पाठ. डोळे मेंदूला सांगतात, ''आपण एका जागी बसलोय.'' कान ओरडतात, ''छे, आपण हलतोय!'' या भांडणातून मळमळ सुरू होते. हातात कार्टूनवाला मोबाइल असेल, तर डोळ्यांची बाजू आणखी पक्की होते आणि भांडण वाढतं.

जेम्स रीझन आणि जे. जे. ब्रँड या दोघांनी १९७५मध्ये या विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं. आजही तज्ज्ञ याच 'संवेदनांच्या विसंवादा'चा आधार घेतात. पण या भांडणात पोटाने का पडावं? त्यावर १९७७मध्ये मिशेल ट्रीसमन यांनी एक भन्नाट कल्पना मांडली. डोळे आणि कान यांचा मेळ बसेना, की मेंदूला वाटतं पोटात काहीतरी विषारी गेलंय. मग तो ते बाहेर टाकायचा हुकूम देतो. ज्यांच्या दोन्ही कानांतली ही यंत्रणा कामच करत नाही, त्यांना मात्र गाडी लागत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहिली असेल. ड्रायव्हरला गाडी सहसा लागत नाही. वळण येतंय, ब्रेक दाबायचाय, हे त्याच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं. टोकावड्याच्या पुढे वैशाखरे लागतं, तिथून नाणेघाटाची सातवाहनकालीन वाट वर चढते. चढताना दम निघतो, पण 'घाट लागला' असं कुणी म्हणत नाही. स्वतःच्या पायाने चालताना डोळे, कान आणि पाय एकच गोष्ट सांगत असतात.

त्रास सर्वात जास्त कशाने होतो? दणदणीत खड्ड्यांपेक्षा संथ हेलकाव्यांनी. साधारण पाच सेकंदांत एक, अशा लयीतली हालचाल पोटाला सर्वात वाईट, असं १९७०च्या दशकातल्या प्रयोगांतच दिसलं होतं. आता शहाडच्या ट्रॅफिकमधलं आपलं 'ब्रेक-क्लच-ब्रेक' आठवा. उत्तर मिळालं!

हा त्रास दोन ते बारा या वयात सर्वात जास्त दिसतो. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना क्वचितच होतो, आणि मोठेपणी बहुतेकांचा कमी होतो. लहान मुलाला 'मळमळतंय' हा शब्द मात्र सापडत नाही. ते म्हणतं, ''पोटात कसंतरी होतंय,'' किंवा काहीच म्हणत नाही. जांभया, अचानक शांत होणं, पांढरा चेहरा, घामेजलेलं कपाळ, तोंडात सुटलेली लाळ, उगाच किरकिर ही सगळी उलटीच्या आधीची पाटी समजा.

दोन रेड सिग्नल

आता त्या दोन गोष्टी, ज्या आपल्याकडे सर्रास होतात आणि ज्या उलटीपेक्षा कितीतरी महाग पडू शकतात.

पहिली : ''पुढे घे तिला मांडीवर, समोरचं दिसलं की बरं वाटेल.'' समोरचं दिसल्यावर बरं वाटतं, हे अगदी खरं. पण जागा चुकीची आहे. ताशी ५० किलोमीटर वेगातली गाडी आदळून थांबली, तर १५ किलोचं मूल क्षणभर तीन-चारशे किलोंचं होतं. ते हातात धरून ठेवणं कुणालाही शक्य नाही. त्यातून समोर एअरबॅग असेल, तर ती मोठ्या माणसाच्या छातीच्या हिशेबाने फुगते. मांडीवर बसलेल्या मुलाचं डोकं तिच्या अगदी वाटेत येतं. कायद्यातही २०१९च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. दंड सोडा, मूल आपलं आहे.

दुसरी : घरातली गोळी अर्धी करून देणं. प्रवासात मोठी माणसं जी गोळी सर्रास घेतात, तिच्यातलं प्रोमेथॅझिन हे औषध दोन वर्षांखालच्या मुलाला द्यायचंच नाही. त्याने श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला. दोन वर्षांच्या वरही डोस वजनावर ठरतो, अंदाजावर नाही. 'मस्त झोपेल' म्हणून तर अजिबात देऊ नका. मूल झोपेने शांत आहे की औषधाने बेशुद्धीकडे चाललंय, हे मागे वळून एका नजरेत कळत नाही.

दुसरी एक गल्लत उलटीच्या सिरपची. जुलाब-उलट्या झाल्यावर डॉक्टर ऑन्डान्सेट्रॉन देतात, ते फ्रीजमध्ये उरलेलं असतं. पोट बिघडल्यावर ते कामाचं आहे, पण गाडी लागण्यावर त्याचा उपयोग नाही. प्रवास लांबचा असेल आणि त्रास दरवेळी होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आधीच विचारा. योग्य औषध निघण्यापूर्वी द्यायचं असतं. उलट्या सुरू झाल्यावर गोळीच पोटात टिकत नाही.

निघण्याआधी

वेळ निवडा. पहाटे निघा, किंवा मुलाच्या दुपारच्या झोपेच्या सुमारास. झोपलं की डोळे मिटतात आणि भांडणातला एक पक्षच घरी जातो! शिवाय पहाटे कल्याण आणि शहाडचं ट्रॅफिकही कमी.

पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. 'काहीच देऊ नकोस, म्हणजे उलटी होणार नाही' हा हिशेब चुकतो. रिकाम्या पोटी उमासे जास्त त्रासदायक होतात. निघण्याआधी तासभर काहीतरी हलकं आणि कोरडं द्या. अर्धी पोळी, खाकरा, थोडासा उपमा चालेल. ग्लासभर दूध, वडापाव, मिसळ हे पोचल्यावर.

गाडीतला तो डॅशबोर्डवरचा सुगंधी जेल आदल्या रात्रीच काढून ठेवा. मोगरा असो की व्हॅनिला, बंद काचेत तो नकोसाच होतो. कॅब असेल तर बसतानाच ड्रायव्हरदादांना सांगा, ''दादा, मुलीला गाडी लागते, परफ्यूम काढून ठेवाल का? आणि जरा सावकाश घ्या.'' सीट खराब व्हायला त्यांनाही नको असते. लगेच ऐकतात.

आजीच्या बटव्याचं काय? आल्याबद्दल प्रयोगांचे निकाल उलटसुलट आहेत, पण चार-पाच वर्षांच्या मुलाला आल्याचा हलका चहा किंवा मऊ आलेपाकाचा कणभर तुकडा देऊन बघायला हरकत नाही. लिंबू हुंगल्याने काहींना बरं वाटतं, त्यात तोटाही नाही. आवळासुपारी, खडीसाखर, लवंग, कडक गोळ्या मात्र लहान मुलाला चालत्या गाडीत नकोत. एका ब्रेकसरशी घशात अडकू शकतात. माझी आई हटकून आवळासुपारीची पुडी काढते. मी तिला सांगितलंय, ''आई, ती मला दे. तिच्यासाठी लिंबू ठेव.'' मनगटावरच्या प्रेशर बॅण्डबद्दल म्हणाल, तर भरवशाचा पुरावा नाही.

गाडीत बसल्यावर

मूल मागेच, पण उंचावर. वयाप्रमाणे चाइल्ड सीट किंवा बूस्टर वापरलं की सुरक्षितता मिळते आणि खिडकीतून, पुढच्या काचेतून लांबचं दिसतं. मागच्या मधल्या जागी सीट नीट पक्की बसत असेल, तर ती जागा बेस्ट, कारण समोर रस्ता दिसतो. अगदी लहान बाळाची सीट मागे तोंड करून असते. उलटीच्या भीतीने ती घाईने फिरवू नका.

मोबाइल, टॅब, चित्रांचं पुस्तक बंद. त्याऐवजी लांब बघायला लावणारे खेळ. आमचा आवडता गेम म्हणजे 'कोण आधी बघतो'. नाशिक हायवेवर आसनगाव जवळ आलं की माहुलीचे सुळके आधी कोणाला दिसतात? मुरबाड सोडलं की समोरची सह्याद्रीची भिंत आणि पुढे नाणेघाटाचा नानाचा अंगठा कोण शोधतो? डोळे क्षितिजावर राहिले की कानांशी त्यांचं पटतं. शिवाय पोरांना आपला मुलुख कळतो, तो बोनस! गाणी, गोष्टी, भेंड्या चालतील, कारण त्यात डोळे मोकळे असतात.

हवा खेळती ठेवा. पावसात काच उघडणं शक्य नसेल, तर एसी बाहेरची हवा घेणाऱ्या मोडवर ठेवा आणि एक झोत मुलाच्या चेहऱ्याकडे वळवा.

ड्रायव्हिंग हे तर निम्मं औषध. आमच्याकडे नवरा एकदम 'ओव्हरटेक'वाला. त्याला एकच नियम सांगितला : डॅशबोर्डवर पाण्याने भरलेला पेला ठेवलाय असं समजून चालव. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवलं की ब्रेक आपोआप हळू लागतो. घाटात वळणाआधीच वेग कमी करा, वळणात मध्येच नाही.

आणि हो, दर पाच मिनिटांनी ''मळमळतंय का गं?'' विचारू नका. नसेल तरी सुरू होतं! त्याऐवजी एक खूण ठरवा. आमच्याकडे 'हात वर' म्हणजे 'गाडी थांबवा'. थांबवणं आपल्या हातात आहे, हे कळलं की निम्मी भीती जाते.

थांबा कुठे?

तासाभराने एकदा, आणि खूण झाली की लवकरात लवकर, पण सुरक्षित जागी. माळशेजचा प्लॅन असेल तर टोकावडे किंवा मोरोशीच्या आसपास गाव बघून दहा-पंधरा मिनिटं उतरा, चाला, मग घाटात शिरा. नाशिककडे जाताना हेच कसारा गावाजवळ. घाटाच्या आत वळणावर, धुक्यात, दरडीच्या खाली गाडी उभी करायची नाही म्हणजे नाही. त्या दोन मिनिटांत झालेली उलटी डब्यात परवडते.

डबा म्हणजे खरंच डबा. २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर कॅरीबॅग शोधत बसण्यापेक्षा श्रीखंडाचा रिकामा, घट्ट झाकणाचा किलोचा डबा सर्वात भारी. गळत नाही, वास येत नाही, घरी नेऊन धुता येतो. सोबत ओले वाइप्स, जुना टॉवेल, कपड्यांचा एक जोड, पाणी आणि पुडीत खाण्याचा सोडा. सीटवर सांडलंच तर पुसून वर सोडा भुरभुरला की वास बराच ओढला जातो. घाटात पिशवी बाहेर भिरकावू नका. ते जंगल आहे, आणि तिथली माकडं सगळं उघडून बघतात.

झालीच तर

रागावू नका, 'शी' म्हणू नका. गाडी थांबवून बाहेर मोकळ्या हवेत, सावलीत बसवा. चूळ भरायला द्या. लगेच ग्लासभर पाणी पाजू नका. ते परत बाहेर येईल. दहा-पंधरा मिनिटांनी चमच्याने किंवा घोट-घोट पाणी. दोन-तीनदा उलटी झाली असेल, तर ओआरएस. ते घेताना पाकिटावर 'डब्ल्यूएचओ फॉर्म्युला' लिहिलंय का बघा. गोड फळांच्या चवीची टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५मध्ये अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली, ती उगाच नाही.

गाडीतून उतरल्यावर थोड्या वेळात त्रास थांबायला हवा. काही तासांनंतरही उलट्या चालूच आहेत, हिरवी किंवा रक्ताची उलटी झाली, ताप आहे, डोकं फार दुखतंय, चालताना तोल जातोय, मूल सुस्त पडलंय, सहा-आठ तास लघवी नाही, यातलं काहीही असेल तर 'गाडीच लागली असेल' म्हणून बसू नका. थेट डॉक्टर गाठा. प्रवास नसतानाही वारंवार उलटी आणि डोकेदुखी होत असेल, तरीही दाखवा. ज्या मुलांना गाडी फार लागते, त्यांच्यातल्या काहींना अर्धशिशीचाही त्रास असतो.

गाडी बदलून बघा

कधी-कधी रस्ता किंवा गाडी बदलली की प्रश्नच मिटतो. शहापूर परिसरात जायचं तर कसारा लोकलने आसनगावला उतरा आणि पुढे रिक्षा करा. रेल्वेची वळणं लांबलचक, धक्के कमी, आणि मुलांना खिडकी! आम्ही सासरी आता बरेचदा असंच जातो. मुरबाडला रेल्वे अजून पोचलेली नाही, तिथे रस्ताच. एसटीने जात असाल तर पुढच्या रांगांतली खिडकी धरा. मागच्या चाकावरची आणि शेवटची सीट सर्वात जास्त उडवते.

नाशिक-शिर्डीकडे जाणाऱ्यांसाठी मोठा बदल म्हणजे समृद्धी महामार्ग. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला सुरू झाला. शहापूर तालुक्यातूनच तो जातो आणि जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्याने कसारा घाटाची वळणं चुकवतो. पोटाला सुखाचं आहे. फक्त तिथे वाटेल तेव्हा कडेला थांबणं धोक्याचं, म्हणून थांबा आधीच घ्या.

आणि सर्वात महत्त्वाचं औषध

ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याचं नाव सवय. तीच हालचाल पुन्हापुन्हा, थोडी-थोडी वाट्याला आली की मेंदू ती ओळखायला लागतो आणि भांडण मिटतं. हवाई दलांमध्ये हवेत मळमळणाऱ्या वैमानिकांना अशीच टप्प्याटप्प्याने सवय लावतात. अंतराळवीरांचीही सुटका नाही. १९८४मध्ये राकेश शर्मांनी अंतराळात योगासनांचे प्रयोग केले, ते वजनरहित अवस्थेच्या त्रासावर काही उपाय सापडतो का हे बघायला. २०२५मध्ये शुभांशू शुक्लांनीही वर पोचल्यावर सुरुवातीला बरं वाटत नसल्याचं मोकळेपणाने सांगितलं. लेकीला हे सांगितल्यापासून ती उलटी झाली तरी ऐटीत असते. ''मी अॅस्ट्रोनॉटसारखी आहे,'' म्हणते!

म्हणूनच 'त्रास होतो म्हणून जायचं नाही' हा उपाय उलटा बसतो. सहा महिन्यांतून एकदा अडीच तासांचा प्रवास केला, तर दरवेळी सुरुवात शून्यापासून. त्यापेक्षा आधी वीस मिनिटांच्या फेऱ्या, मग तासाभराच्या, मग आजोळ. आम्ही वर्षभर हेच केलं. उलट्या पूर्ण थांबल्या असं म्हणणार नाही, पण आता चार फेऱ्यांत एखादी. श्रीखंडाचा डबा बहुतेक वेळा रिकामाच घरी येतो.

तेव्हा या शनिवारी सुगंधी जेल काढा, डबा धुऊन ठेवा, मोबाइल पर्समध्ये टाका आणि पहाटे निघा. मूल मागच्या सीटवर, बेल्ट लावून, नजर माहुलीच्या सुळक्यांवर. पोचल्यावर आजीच्या हातचा गरम वरणभात पोटात टिकतो की नाही, ते तुम्हीच बघा!